घराची ऊब कुठे विभागावी?

२०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ७४ टक्के कुटुंबे घर तापवण्यासाठी केवळ पाइपने येणाऱ्या गॅसवर अवलंबून आहेत. त्यांच्या घरांतली व्यवस्था थोड्याफार फरकाने सारखीच असते. भिंतीवर बॉयलर, त्यात तापलेले पाणी घरभर फिरवणारा पंप, तांब्याचे पाइप, खोलीखोलीत रेडिएटर आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे आणणारा परतीचा पाइप. या साऱ्यावर हुकूम चालतो तो एका थर्मोस्टॅटचा, आणि तो पुष्कळ घरांत बाहेरच्या दारालगतच्या पॅसेजमध्ये लावलेला असतो. ज्या जागेत कोणी दोन मिनिटे बसत नाही, तिथली हवा किती गार आहे यावर सगळ्या घराची ऊब ठरते. पॅसेज वीस अंशांवर पोचला की बॉयलर थांबतो. मग वरच्या मजल्यावर उकडत असो की मागच्या वाढीव खोलीत हातपाय गारठत असोत. यावर उपाय म्हणून घराचा एक भाग वेगळा काढून त्याला स्वतःचा थर्मोस्टॅट आणि स्वतःचे वेळापत्रक देतात. त्याला झोन म्हणतात. व्हॉल्व्ह बसवणे, वायर जोडणे हे कसबी प्लंबरच्या हातचे काम आहे. खरा प्रश्न घराची विभागणी कुठे करायची हा आहे, आणि तो बहुतेक वेळा ‘वरचा मजला एक, खालचा एक’ अशा सोयीच्या हिशेबाने सोडवला जातो. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे. वेगळा झोन तिथेच फळतो, जिथे घराच्या त्या भागाची वापरण्याची वेळ किंवा उष्णता गमावण्याची रीत बाकी घरापेक्षा खरोखर निराळी आहे आणि बॉयलरला तेवढ्या एकट्या भागापुरते मंद जळता येते.

ब्रिटनच्या घरांना ही विभागणी नवी नाही. १९७०च्या सुमारास तिथल्या निम्म्याहून अधिक घरांत सेंट्रल हीटिंग नव्हतेच. बैठकीच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटे आणि झोपायच्या खोल्या गारच राहत. राख काढण्याचे, कोळसा वाहण्याचे कष्ट होते, धूर होता. पण माणूस जिथे बसलेला असे तिथेच इंधन जळे. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सारा देश कोळशापासून बनवलेल्या गॅसवरून नैसर्गिक गॅसवर आला, घरोघरी बॉयलर बसले आणि सगळे घर एकाच तापमानावर ठेवण्याची सवय लागली. गॅस स्वस्त होता तोवर हे कोणाला खटकले नाही. आता परिस्थिती पालटली आहे. गॅसची बिले वाढली आहेत, माळ्यावर खोल्या निघाल्या आहेत, स्वयंपाकघरे मागच्या अंगणात सरकली आहेत आणि २०२०नंतर घरातूनच काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हॅरो किंवा स्लाउसारख्या भागात १९३०च्या दशकातले जोडघर घेऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घेतले तर मुद्दा लगेच स्पष्ट होतो. नवराबायको दिवसा कामावर, मुले शाळेत; पण पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील दिवसभर खालच्या खोलीत असतात आणि त्यांना एकवीस-बावीस अंश हवे असतात. त्या दोघांसाठी वरच्या तीन रिकाम्या खोल्या तापवत ठेवणे हा निव्वळ अपव्यय आहे.

झोनची यंत्रणा समजायला आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेळ लागणार नाही. पाटाला पाणी आले की दारे धरणारा माणूस एका वाफ्याचे तोंड फोडतो, दुसऱ्याचे बुजवतो. इथे ते काम विजेवर चालणारा व्हॉल्व्ह करतो. बॉयलरकडून निघालेला गरम पाण्याचा पाइप पंपानंतर दोन फाट्यांत विभागतात आणि प्रत्येक फाट्यावर असा एक व्हॉल्व्ह बसवतात. हनीवेल कंपनीच्या आराखड्याच्या नावावरून या मांडणीला तिथले कारागीर एस-प्लॅन म्हणतात. व्हॉल्व्हच्या डोक्यात छोटी मोटर, एक स्प्रिंग आणि एक बारीक स्विच असतो. त्या झोनच्या थर्मोस्टॅटने ऊब मागितली की तपकिरी वायरीतून वीज येते आणि मोटर व्हॉल्व्ह उघडते. तो पुरता उघडला की आतला स्विच जुळून नारिंगी वायरीवाटे बॉयलरला आणि पंपाला ‘सुरू हो’ असा निरोप जातो. मागणी संपली की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. दोन्ही झोनच्या नारिंगी वायरी एकत्र जोडलेल्या असल्याने कोणत्याही एका झोनने हाक दिली तरी बॉयलर पेटतो आणि दोघांनीही थांबवल्याशिवाय विझत नाही. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. काही बॉयलरच्या थर्मोस्टॅटच्या जोडण्या २३० व्होल्टसाठी नसतातच. तिथे नारिंगी वायर थेट लावली तर बॉयलरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळतो. मध्ये रिले द्यावा लागतो. शिवाय सगळ्या झोनची वीज एकाच तीन अँपिअर फ्यूजच्या स्विचवरून यायला हवी. नाहीतर एक स्विच बंद करून निर्धास्तपणे हात घालणाऱ्याला दुसऱ्या वाटेने आलेल्या विजेचा झटका बसू शकतो.

आता विभागणीकडे वळू. खोली बंद ठेवली की तिच्यावर होणारा सगळा खर्च वाचतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. थोडे गणित केले की तिच्यातली उणीव दिसते. समजा, पहिल्या मजल्यावरची एक खोली बाहेरच्या भिंतीतून आणि खिडकीतून दर अंश फरकामागे ३० वॉट उष्णता गमावते, आणि आतल्या भिंती, जमीन व दार यांतून शेजारच्या खोल्यांशी तिची देवाणघेवाण दर अंशाला ४० वॉट आहे. जुन्या घरांतल्या आतल्या भिंतींना उष्णतारोधक थर नसतो, त्यामुळे हे प्रमाण वास्तवाला सोडून नाही. बाहेर ६ अंश आणि घरात २० अंश असताना ती खोली तापवायला ४२० वॉट लागतात. तिचा रेडिएटर बंद केला तर ती ६ अंशांवर जात नाही. शेजारच्या खोल्यांची ऊब ओढून घेत साधारण १४ अंशांवर स्थिरावते आणि तरीही बाहेर २४० वॉट गमावतच राहते. ते २४० वॉट शेवटी शेजारच्या रेडिएटरांतूनच आलेले असतात. वाचले ते फक्त १८० वॉट, म्हणजे अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. आता माळ्यावर काढलेली, जुन्या पद्धतीची, छपरातून भरपूर उष्णता जाणारी खोली घ्या. बाहेर दर अंशाला ६० वॉट जातात, पण तिच्या जमिनीखाली जुना उष्णतारोधक लोकरीचा थर तसाच असल्याने खालच्या घराशी देवाणघेवाण फक्त १५ वॉटची आहे. ही खोली २० अंशांवर ठेवायला ८४० वॉट लागतात. बंद केली तर ती ९ अंशांच्या आसपास उतरते आणि जेमतेम १७० वॉट गमावते. बचत ८० टक्क्यांची. दोन्ही खोल्यांना लागणारा व्हॉल्व्ह तोच, मजुरीही जवळपास तीच. पण पहिल्या ठिकाणी ते पैसे वसूल व्हायला वर्षानुवर्षे लागतील आणि दुसऱ्या ठिकाणी लवकर होतील. म्हणून झोनची सीमा आखताना आधी पाहायचे ते हे, की तो भाग बाकी घरापासून उष्णतेच्या दृष्टीने किती तुटलेला आहे. माळा, मागची वाढीव खोली, गॅरेजची केलेली अभ्यासिका हे भाग स्वभावतःच तुटलेले असतात. दोन बेडरूममधली साडेचार इंची भिंत काहीच तोडत नाही.

दुसरा निकष आहे तापण्याच्या गतीचा. मागे वाढवलेल्या स्वयंपाकघरात हल्ली जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवतात. त्यांना ३५ ते ४५ अंशांचे पाणी पुरते आणि सहा-सात सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा थर तापायला तासन्तास लागतात. रेडिएटर मात्र ६०-७० अंशांच्या पाण्यावर अर्ध्या तासात खोली बदलून टाकतात. या दोघांना एका थर्मोस्टॅटला बांधले तर एकाची गरज भागताना दुसऱ्याचे हाल होणार, हे ठरलेलेच. इथे वेगळा झोन ही चैन नाही, त्याशिवाय जमीन नीट चालतच नाही. गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह आणि स्वतंत्र पंपही द्यावा लागतो. दक्षिणेकडे मोठ्या काचा असलेल्या खोलीचेही तसेच. हिवाळ्यातल्या लख्ख दुपारी ती आपोआप तापते आणि सूर्य कलताच भराभर निवते. पूर्ण काचेच्या कन्झर्व्हेटरीबाबत मात्र इंग्लंडचे नियम मुळावरच बोट ठेवतात. ती घरापासून बाहेरच्या दर्जाच्या भिंतीने व दाराने वेगळी असेल आणि घराचे हीटिंग तिच्यात नेलेले नसेल, तरच तिला ऊर्जाविषयक नियमांतून सूट मिळते. घराचा पाइप तिच्यात वाढवला की ती सूट जाते. मला हा नियम अगदी रास्त वाटतो. काचेच्या खोलीला झोन देऊन तिचे छिद्र बुजत नाही; त्या छिद्रावर फक्त घड्याळ बसते.

पण सर्वांत दुर्लक्षित गोष्ट बॉयलरच्या आत आहे. ब्रिटनमधले बहुतेक नवे बॉयलर कॉम्बी असतात, म्हणजे अंघोळीचे पाणीही तेच तत्क्षणी तापवून देतात. मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायचे तर सुमारे २४ किलोवॅट लागतात, म्हणून बॉयलर २४ ते ३० किलोवॅटचा घेतात. घर तापवायला मात्र याच्या पासंगालाही लागत नाही. बाहेर उणे ३ अंश असताना ७ किलोवॅट गमावणारे मध्यम जोडघर घ्या. बाहेर ६ अंश असताना, म्हणजे लंडनच्या हिवाळ्यातल्या नेहमीच्या दिवशी, त्याला साधारण साडेचार किलोवॅट पुरतात. त्याचे दोन समान झोन केले आणि एकच चालू ठेवला तर गरज उरली सव्वादोन किलोवॅटची. आता अडचण अशी की अनेक बॉयलर ५ ते ७ किलोवॅटच्या खाली मंदावूच शकत नाहीत. चांगले नवे बॉयलर अडीच-तीनपर्यंत उतरतात. गरजेच्या दुप्पट-तिप्पट आगीने पाणी झपाट्याने तापते, बॉयलर आपोआप विझतो, काही मिनिटांनी पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. या उघडझापीत प्रत्येक वेळी थोडी उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि पंखा, ठिणगी, गॅसचा व्हॉल्व्ह यांची झीज होते ती वेगळीच. इंग्लंडमध्ये २००५पासून गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे घेणे बंधनकारक झाले. धुरातली वाफ निववून तिची सुप्त उष्णता परत मिळवणारा हा बॉयलर आपले गुण दाखवतो ते परतीचे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असतानाच. मोजकेच रेडिएटर उघडे असले की परतीचे पाणी पुरते निवत नाही आणि तो फायदाही हातचा जातो.

या दोन बाजूंचा ताळेबंद प्रत्यक्ष मोजला गेला आहे. लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९३०च्या दशकातली, न सुधारलेली, एकमेकांना लागून असलेली दोन सारखी घरे घेतली; दोन्हींत माणसांचा वावर यंत्रांनी हुबेहूब सारखा घडवला; एका घरात नेहमीचे नियंत्रण आणि दुसऱ्यात खोलीगणिक वेळापत्रक ठेवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विभागलेल्या घराची हीटिंगची ऊर्जा सुमारे १२ टक्के कमी निघाली. मात्र त्याच घरातल्या बॉयलरची कार्यक्षमता दोन-अडीच टक्क्यांनी घसरली होती. बचत खरी आहे, पण जाहिराती सुचवतात तेवढी नाही, आणि तिचा काही भाग बॉयलर परत गिळतो. झोनची संख्या वाढवत नेली तर हे गिळणेही वाढत जाते. त्यामुळे दोन झोन विचारपूर्वक करावेत; पाच-सहा करण्याचा मोह टाळावा. छोट्या झोनला बॉयलर पेटवण्याचा अधिकारच न देता, मोठा झोन चालू असेल तेव्हाच त्याचा व्हॉल्व्ह उघडेल अशी जोडणी करणे हाही एक शहाणपणाचा मार्ग आहे. स्नानगृहासारख्या जागेला तो शोभतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की प्रत्येक रेडिएटरवर तापमान पाहणारी फिरकी असतेच, मग वेगळ्या झोनची गरज काय? डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४०च्या दशकात शोधलेली ही फिरकी अप्रतिम साधन आहे, पण तिला दोन मर्यादा आहेत. तिला घड्याळ कळत नाही आणि तिला बॉयलरला हाक मारता येत नाही. खोली पुरेशी तापल्यावर पाणी अडवणे एवढेच तिला जमते. पॅसेजमधला थर्मोस्टॅट समाधानी झाला की आजोबांच्या खोलीतली फिरकी पूर्ण उघडी असूनही तिच्यातून गरम पाणी येणार नाही. अलीकडच्या बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी फिरक्या या दोन्ही उणिवा भरून काढतात, आणि मी मोकळेपणाने सांगेन की ज्या घरात फरशा उखडून पाइप कापावे लागणार आहेत तिथे आधी याच लावून पाहाव्यात. लफबरोच्या प्रयोगातही खोल्यांचे वेळापत्रक रेडिएटरवरच सांभाळले होते. मात्र पाण्याचे तापमान वेगळे हवे असेल, जसे जमिनीखालच्या नळ्यांना, तिथे फिरक्यांचा इलाज चालत नाही.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: खोली थंड होऊ देऊन पुन्हा तापवण्यात जास्तच गॅस जातो. गॅस बॉयलरपुरते हे खरे नाही. उष्णता बाहेर जाण्याचा वेग आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतो. खोली जितका वेळ थंड, तितका वेळ ती कमी गमावते. नंतर तापवताना भिंतींनी सोडलेली उष्णता तेवढी परत भरावी लागते, जास्त नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाच्या बाबतीत मात्र या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो तिसऱ्या, अधिक गंभीर आक्षेपाशी जोडलेला आहे. हीट पंपाची कार्यक्षमता पाणी जितके कोमट ठेवता येईल तितकी चांगली. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले की ती दोनेक टक्क्यांनी घटते. कोमट पाण्याने घर तापवायचे तर रेडिएटरांचा जास्तीत जास्त पृष्ठभाग उघडा हवा. अर्धे रेडिएटर मिटले की उरलेल्यांना शेजारच्या थंड खोल्यांचाही भार वाहावा लागतो, पाणी अधिक तापवावे लागते आणि विजेचे बिल वाढते. म्हणून हीट पंप बसवणारे जाणकार झोन काढून टाकायला सांगतात, आणि सलग एकमेकांत मिसळलेल्या घरापुरते त्यांचे म्हणणे मला पटते. पण वर माळ्याचे जे गणित मांडले ते हीट पंप आला म्हणून बदलत नाही. बाकी घरापासून खरोखर तुटलेला भाग रिकामा असताना तापवणे कोणत्याही यंत्राने तोट्याचेच. फक्त आज पाइप टाकताना उद्याचा विचार करून ते रुंद टाकावेत. कोमट पाण्याने तेवढीच उष्णता पोचवायला पाणी जास्त वाहावे लागते.

चौथी बाब आक्षेपाहून अधिक इशारा आहे, आणि आपल्या घरांना तो विशेष लागू पडतो. कुकरच्या शिट्या, भात, फोडण्या, घरातच वाळत घातलेले कपडे यांमुळे हवेत बाष्प भरपूर असते. २० अंशांच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेला ९ अंशांच्या भिंतीचा स्पर्श झाला की पाणी सुटते, आणि भिंत १२-१३ अंशांवर दीर्घकाळ राहिली तरी बुरशीला तेवढे पुरते. वरच्या उदाहरणातली माळ्यावरची खोली नेमकी याच टप्प्यात उतरत होती. त्यामुळे न वापरलेला झोन पूर्ण बंद करू नये. तो १४-१५ अंशांवर धरून ठेवावा, दार लावावे आणि स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा न चुकता चालवावा. असे केल्यावर माळ्याची ८० टक्क्यांची बचत साधारण ४० टक्क्यांवर येते, आणि झोनचा खर्च ठरवताना हाच आकडा धरावा. जिथे माणसे वावरतात त्या खोल्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड प्रदेशांसाठी किमान १८ अंशांची शिफारस केली आहे. घरात म्हातारे किंवा तान्हे मूल असेल तर त्याहून वर राहावे. झोन हे रिकाम्या जागेवरचा खर्च कमी करण्याचे साधन आहे, माणसाच्या वाट्याची ऊब कापण्याचे नव्हे.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक वेळ जातो तो पाइप नेमके कुठे फुटतात हे शोधण्यात. जुन्या घरांत वरच्या आणि खालच्या रेडिएटरांना पाणी पहिल्या मजल्याच्या लाकडी फळ्यांखालच्या एकाच पाइपातून जाते. तिथे वर-खाली असे दोन झोन करायचे म्हणजे अर्धी जमीन उचकटणे आले. म्हणूनही मी माळा किंवा वाढीव खोली यांच्या बाजूने आहे. त्यांचा फाटा बहुधा स्वतंत्र असतो किंवा बांधकामावेळीच स्वतंत्र टाकता येतो. इंग्लंडचे नियमही १५० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या नव्या घरांत किमान दोन स्वतंत्र नियंत्रणाचे फाटे मागतात. गॅसच्या भागाला हात लावण्याचा अधिकार फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला आहे, हे विसरू नये. पाणी काढून पुन्हा भरल्यावर गंज रोखणारे रसायन नव्याने घालणे आणि रेडिएटरांचा प्रवाह समतोल करणे ही कामे अनेकदा घाईत राहून जातात. ती करून घ्यावीत.

कोटेशन मागवताना तीन गोष्टी विचारा आणि उत्तरे लेखी घ्या: आपला बॉयलर किमान किती किलोवॅटवर जळू शकतो, नव्या झोनमधले सगळे रेडिएटर मिळून किती किलोवॅट उष्णता घेतील, आणि सगळे व्हॉल्व्ह मिटल्यावर पंप थोडा वेळ चालू राहील तेव्हा पाणी कोणत्या वाटेने फिरेल. ज्याला या तिन्हींची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या हाती आपल्या घराचे पाइप देऊ नका.